साठ मिली, दीड पोळी

धंतोलीत, तिसऱ्या माळ्यावर, वैरागडे मॅडमच्या खोलीत
माझं पोट माझ्याआधी आत गेलं.
ब्याण्णव पूर्णांक चार, त्या म्हणाल्या,
आणि मान वर न करता, सगळ्यांना विचारतात तसं:
घेता का?

शनिवारी, मी म्हणालो.
मग म्हणालो, कधी बुधवारी.
बायको बाहेर बाकावर होती, दाराला काच होती,
म्हणून मे महिन्यातली बीअर मी धरलीच नाही.
तशीही नागपुरात मे महिन्यातली बीअर ही दारू नसते,
कूलरमधलं पाणी जसं पाणी नसतं.

त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं.
साठ मिली म्हणजे दीड पोळी, म्हणाल्या,
प्यायची तर पोळी सोडा.
आणि दारूचं मला सांगू नका,
दारूनंतरचं सांगा.

दारूनंतरचं.
म्हणजे हेडाऊच्या गच्चीवरचे खारे शेंगदाणे,
म्हणजे रात्री अकराला कोणीतरी म्हणणं, चाल बे, सावजी,
आणि तर्रीवरचं ते लाल तेल
ज्यात एक अख्खा लेखापाल बुडू शकतो.
बुडालो आहे मी. एकवीस वर्षं.

आता वही आहे.
डावीकडे प्यालो, उजवीकडे सोडलं.
शनिवार: साठ मिली. सोडलं: दीड पोळी.
शनिवार: नव्वद. सोडलं: दोन पोळ्या आणि एक संत्रं.
(संत्रं सोडलं, हे या गावात कोणाला सांगता येत नाही.)
हेडाऊनं वही पाहिली. "काहून बे,
दारू पिऊन राहिला का पेपर देऊन राहिला?"
मी काकडी खात होतो.
काकडी आणि व्हिस्की:
चुकीच्या मंडपात शिरून जेवून यावं, तशी चव.

पेग मोजायला घरात माप नव्हतं.
फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात,
एक पारदर्शक टोपण सापडलं.
शलाकाच्या तापाच्या औषधाचं.
पाच, साडेसात, दहा, पंधरा.
शलाका आता हैदराबादला असते, ताप आला तर कळवत नाही.
चार टोपणं म्हणजे साठ.

रात्री दोन वाजता, तिला जाग येऊ नये म्हणून
खिडकीतल्या रस्त्याच्या उजेडात
हेच टोपण डोळ्यांसमोर धरलं होतं,
थेंबभर जास्त नको, थेंबभर कमी नको.
इतका नेमका मी पुन्हा कशातच झालो नाही.
आता होतो. शनिवारी. चार वेळा.

कुमुद शनिवारी कणीक कमी मळते.
पहिल्या शनिवारी ताट घेऊन माझ्यासमोर बसली,
दुसऱ्या शनिवारी टीव्हीसमोर.
मग साडेसातलाच एकटी जेवून घ्यायला लागली.
वहीत दोनच रकाने आहेत,
तिचं जेवण कुठेच बसत नाही.

दोन महिन्यांत तीन किलो आठशे. मॅडम खूश.
ऑफिसात लोक हळूच विचारतात,
साहेब, तब्येत बरी आहे ना?
पट्ट्याला मी घरीच खिळ्यानं नवं भोक पाडलं,
वाकडं पडलं.

परवा चौथं टोपण भरताना ती मागे येऊन उभी राहिली.
हातातून घेतलं, ट्यूबलाइटकडे धरलं,
चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
"पंधराच्या वर गेलं," म्हणाली,
आणि वरचं जेवढं जास्त होतं तेवढं
स्वतःच पिऊन टाकलं.

तोंड असं वाकडं झालं तिचं
की अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.
"यासाठी पोळी सोडता?"

टोपणावर तिचे ओठ उमटले होते, पाचाच्या खुणेपाशी.
कणीक उरली का, मी विचारलं,
अर्धीच टाक.
"अर्धी पोळी लाटता येत नाही," ती म्हणाली
आणि पिठाचा डबा उघडला.